इनबोर्ड की आऊटबोर्ड? कोकणात हौसेची बोट घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावच्या घरी परतलेली, रिटायर झालेली किंवा नुसतीच समुद्राची ओढ लागलेली मंडळी बोट घ्यायचं ठरवतात. पहिला फोन बोटीच्या लांबीबद्दल असतो, दुसरा हमखास मशीनबद्दल. विजयदुर्गच्या खाडीत माझी 19 फुटी फायबरची बोट आहे, तिला 40 एचपीचं आऊटबोर्ड. त्याआधी चुलत्यांकडून आलेली लाकडी बोट होती, तिच्या पोटात दोन सिलेंडरचं डिझेल मशीन. दोन्हींनी मला एकेकदा भर पाण्यात बसवून ठेवलेलं आहे, त्यामुळे कुणाची वकिली करायचं कारण नाही.

दोघांत नेमका फरक काय?

आऊटबोर्डमध्ये इंजिन, गिअर आणि पाण्यात फिरणारा पंखा हे सगळं एकाच उभ्या खोक्यात असतं. ते बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, बाहेरून टांगायचं. वळायचं असेल तर अख्खं मशीनच वळतं, वेगळं सुकाणू लागत नाही. बहुतेक आऊटबोर्डं पेट्रोलवर चालतात. मालवणच्या दांडीवर पुळणीत ओढलेल्या छोट्या होड्यांच्या मागे दिसतात ती हीच. मच्छीमार त्यांना ‘ओबीएम’ म्हणतात.

इनबोर्डचं मशीन बोटीच्या पोटात बसतं. त्याला गिअरबॉक्स, गिअरबॉक्सला लांब शाफ्ट, तो तळातून पार बाहेर, आणि टोकाला पंखा. त्याच्या मागे सुकाणू. आपल्याकडे हे बहुधा डिझेलवर असतं. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला उभ्या असलेल्या मोठ्या ट्रॉलरांच्या पोटात अशीच सहा सिलेंडरची मशीनं आहेत.

मग मी कोणतं घ्यावं?

आधी सांगा, तुमची बोट रात्री झोपणार कुठे?

हा प्रश्न ऐकून लोक हसतात. मला मात्र एचपी, मायलेज आणि कंपनी या तिन्हींपेक्षा तो मोठा वाटतो. बोट वर्षातले तीस-चाळीस दिवस चालते, उरलेले दिवस ती नुसती उभी असते. मशीन खराब होतं ते बहुतेक उभ्या-उभ्याच.

पुळणीवर ओढून ठेवणार असाल, ट्रॉलीवरून अंगणात नेणार असाल, तर विचारच करू नका, आऊटबोर्ड घ्या. इनबोर्डचा शाफ्ट, पंखा आणि सुकाणू तळाच्या खाली लोंबत असतात. वाळूवर बोट कलली की पहिला भार त्यांच्यावर येतो. शाफ्ट केसभर वाकला तरी चालताना बोट थरथरते, मग शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून पाणी येऊ लागतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. तिथे रोज ये-जा करणाऱ्याला मशीन वर उचलता येणं म्हणजे अर्धी चिंता कमी.

उलट विजयदुर्ग, जयगड, दिघी अशा खोल, आडोशाच्या खाडीत बोट कायम नांगरावर राहणार असेल, बोट पंचवीस फुटांच्या वरची असेल आणि लांबचे पल्ले मारायचे असतील, तर इनबोर्ड डिझेल उत्तम. फक्त ओहोटीला जागा कोरडी पडते का, हे उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवशी जाऊन डोळ्यांनी बघा. मुंबई-अलिबागकडे उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मी. मांडव्याच्या माणसाने दिलेला सल्ला मालवणात जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळेच.

दुसरा प्रश्न, दुरुस्ती कोण करणार? जुन्या धाटणीचं डिझेल मशीन ट्रक-ट्रॅक्टर खोलणारा कुठलाही बरा मेकॅनिक समजून घेतो. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या आऊटबोर्डला बिघाड शोधायला कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप लागतो, आणि तो लॅपटॉपवाला माणूस तुमच्या बंदरापासून किती तासांवर आहे हे पैसे देण्याआधी विचारायचं असतं. शेजारचा मच्छीमार ज्या कंपनीचं ओबीएम वापरतो तीच कंपनी घ्या. सुटा भाग अडला तर रात्री नऊला त्याच्याच दारात जायचंय.

एचपी किती घेऊ? जास्त असलेलं बरं ना?

नेहमीच नाही. हे नीट समजून घ्या, इथे लाखभर रुपये सहज वाचतात.

बोटींचे दोन स्वभाव असतात. एक पाणी कापत, पाण्यात बसून चालणारी: जुना मचवा, पडाव, गोल तळाची लाकडी होडी. दुसरी वेग आला की नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून पाण्यावर स्वार होणारी: चपट्या किंवा इंग्रजी व्ही आकाराच्या तळाची फायबर बोट. पहिलीच्या वेगाला तिची लांबी मर्यादा घालते. हिशेब असा: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 1.34 ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. 25 फुटांची लांबी असेल तर वर्गमूळ 5, म्हणजे 6.7 नॉट, तासाला जेमतेम साडेबारा किलोमीटर. तिला 20 एचपी लावा की 60, त्यापुढे ती फक्त मागे बूड टेकवते, मोठी लाट उठवते आणि तेल पिते.

माझ्या चुलत्यांच्या बोटीला एका हौशी पाहुण्याने मोठं मशीन बसवायचा आग्रह धरला होता. काकांनी त्याला सुकाणू दिलं आणि मशीन पूर्ण जोरात चालवायला सांगितलं. दोन मिनिटं आवाज दुप्पट झाला, किनारा होता तिथेच. विषय तिथेच मिटला.

स्वार होणाऱ्या बोटीला मात्र कमी एचपी देऊ नका. अर्धवट उचललेली बोट सगळ्यात जास्त इंधन जाळते. बोट बांधणाऱ्याने जास्तीत जास्त किती एचपी आणि किती वजन लिहिलंय ते बघा आणि त्याच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या आसपास राहा. वजन एवढ्यासाठी की 40 एचपीचं फोर स्ट्रोक आऊटबोर्ड शंभर किलोच्या घरात जातं, आणि ते सगळं वजन बोटीच्या अगदी शेवटच्या टोकाला लटकतं. तेवढ्याच ताकदीचं डिझेल इनबोर्ड गिअरबॉक्ससकट दोनशे किलोंच्या पुढे भरतं, पण बसतं मध्यावर आणि खाली.

इंधनाचा खर्च कशात कमी?

डिझेलमध्ये. 40 एचपीचं फोर स्ट्रोक पेट्रोल मशीन पूर्ण जोरात चालवलं तर तासाला साधारण 12 ते 15 लिटर पितं, तेवढंच डिझेल मशीन 8 ते 9 लिटर. दोन-तृतीयांशावर चालवलंत तर दोन्ही बरीच खाली येतात.

पण वर्षाला पन्नास तास चालणाऱ्या बोटीत हा फरक मशीनच्या किमतीतला फरक भरून काढायला फार वर्षं घेतो. रोज पर्यटक नेणाऱ्याचा हिशेब वेगळा, तुमचा वेगळा. आणि मच्छीमार सोसायटीच्या पंपावरचं करपरताव्याचं डिझेल मासेमारी नौकांसाठी असतं, हौसेच्या बोटीसाठी ते मागायला जाऊ नका, उगाच वाईटपणा येतो.

पेट्रोलची अडचण वाहतुकीची. जेटीवर पेट्रोल मिळत नाही, कॅनमधून आणावं लागतं. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंतचं पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. लांबच्या फेरीचं गणित इथेच अडखळतं.

इथेनॉलच्या पेट्रोलने आऊटबोर्ड बिघडतं म्हणतात, खरं का?

हा अलीकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि काळजी रास्त आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आऊटबोर्डांच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. तुमच्या मॉडेलचं पुस्तक उघडा आणि तो आकडा बघा, विक्रेत्याच्या ‘काही होत नाही हो’वर जाऊ नका.

इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणातली हवा म्हणजे ओलच. ठरावीक प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. इंधनाची नळी ओढते ती तळातूनच. मशीन खोकतं, बंद पडतं, आणि मालकाला वाटतं प्लग गेला.

मी एकदा संशय आला म्हणून फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून खिडकीत ठेवलं. दहा मिनिटांनी खाली बोटभर गढूळ थर आणि वर पिवळं पेट्रोल, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. टाकी आणि मशीनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर. लागेल तेवढंच ताजं पेट्रोल. आणि तीन-चार आठवडे बोट निघणार नसेल तर टाकी रिकामी करून ते पेट्रोल स्कूटरला. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, चिकट होतात, त्या बदलून घ्या.

डिझेलवाल्यांनी हसू नये. त्यांच्या टाकीतही पाणी साठतं, आणि पाणी व डिझेल मिळतात त्या रेघेवर शेवाळासारखा काळा चिकट गाळ धरतो.

आगीचा धोका कशात जास्त?

पेट्रोल इनबोर्डमध्ये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात साठून राहते आणि चावी फिरवताना एक ठिणगी पुरते. म्हणून अशा बोटीत मशीन सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं तळातली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चालवायचा आणि नाकाने वास घ्यायचा. आऊटबोर्ड उघड्यावर असल्याने वाफ उडून जाते, मात्र टाकी बंद कप्प्यात असेल तर तोच धोका परत आला. हौसेच्या बोटीसाठी कुणी स्वस्तात पेट्रोल इनबोर्ड देत असेल तर मी घेणार नाही. कारचं मशीन बसवलेली बोट तर फुकट दिली तरी नको.

खाऱ्या पाण्यात कोणतं जास्त टिकतं?

नीट धुतलेलं.

आऊटबोर्ड समुद्राचं पाणी थेट आपल्या अंगातून फिरवून गार राहतं. फेरी संपली की गोड्या पाण्याचा पाइप लावून दहा मिनिटं धुवायचं, उचलून ठेवायचं. उचलता येणं हाच त्याचा मोठा गुण, कारण पाण्याबाहेर ना गंज चढतो ना कवचवाले जीव धरतात. चांगल्या इनबोर्डमध्ये समुद्राचं पाणी कूलंट गार करणाऱ्या हीट एक्स्चेंजरपुरतंच येतं, मशीनच्या अंगात कूलंट फिरतो, त्यामुळे मशीन दीर्घायुषी. पण शाफ्ट-पंखा चोवीस तास पाण्यात.

दोन्हींवर त्यागी धातूचे ठोकळे असतात, अ‍ॅनोड म्हणतात. मशीनऐवजी ते झिजतात. समुद्रात जस्त चालतं, नदीचं पाणी मिसळलेल्या खाडीत अ‍ॅल्युमिनियमचे बरे. मॅग्नेशियमचे गोड्या पाण्यासाठी, ते इथे लावू नका. निम्मा झिजला की बदला, आणि त्याला रंग अजिबात फासू नका. रंग मारलेला अ‍ॅनोड म्हणजे नुसता लोखंडाशेजारी बसवलेला दगड.

आणि पिचकारी बघायची सवय लावा. आऊटबोर्ड सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार उडते, म्हणजे गार करणारं पाणी फिरतंय. एकदा गणपतीनंतर मशीन लावलं, धार येईना. पंप गेला असं समजून मी हजाराचं किट मागवायला निघालो होतो. शेजारच्या पोराने छिद्रात नायलॉनचा दोरा घातला तर आतून सुकी माती पडली. कुंभारीण माशीने पावसाळाभर तिथे घर केलं होतं. धार येत नसेल तर आधी दोरा, मग मेकॅनिक.

पंख्यात जाळं अडकलं तर?

कोकणात हा ‘तर’चा नाही, ‘कधी’चा प्रश्न आहे. माझं अडकलं ते देवगडच्या बाहेर, फाटून वाहत आलेलं हिरवं जाळं. बरोबर एक म्हातारे तांडेल, म्हणजे मच्छीमार बोट चालवणारे, होते. मी गिअर मागे टाकून सोडवायला जाणार, एवढ्यात ते ओरडले, “थांब रे, आदी मशीन बंद कर!” बरोबरच होतं, उलटं फिरवलं की जाळं आणखी घट्ट आवळतं. मशीन बंद केलं, वर उचललं, पाठीमागे ओणवं होऊन दातेरी सुरीने पंधरा मिनिटांत कापून काढलं. सोबत पंख्याच्या मागे अडकलेला नायलॉनचा धागाही खेचून काढा, तो राहिला तर सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं.

चुलत्यांच्या इनबोर्डला हेच झालं तेव्हा एकाला कमरेला दोर बांधून पाण्यात उतरावं लागलं होतं. लाटेत बोटीचं बूड डोक्यावर आपटतं, हे काम सोपं नाही. दुसऱ्याचं चांगलं जाळं असेल तर कापण्याआधी मालकाला हाक मारा, जाळ्याची किंमत मशीनपेक्षा कमी असेल, पण त्याचं पोट त्यावर आहे.

लाटांत कोणतं बरं?

इनबोर्ड. त्याचा पंखा बोटीखाली खोल आणि आतल्या बाजूला असतो, लाटेवर बूड उचललं तरी पाण्यात राहतो. आऊटबोर्डचा पंखा अगदी टोकाला, पाठीमागून बोट उचलली की तो हवेत फिरतो, मशीन किंचाळतं आणि पकड सुटते. संगमावर फुटणाऱ्या लाटांत ही पकड नेमकी नको तेव्हा सुटते. आऊटबोर्ड असेल तर दुपारी वारा भरायच्या आत परत या. सकाळचा मतलई ओसरला की पाणी लगेच बदलतं.

स्टर्नड्राइव्हचं काय?

मशीन आत, पाय म्हणजे गिअर-पंखा बाहेर, असा हा मधला प्रकार. वोल्वो पेंटाने 1959 मध्ये तो बाजारात आणला. चालवायला छान. पण त्याच्या रबरी बेलोज, म्हणजे घडीच्या नळ्या, फाटल्या की पाणी थेट बोटीत येतं, आणि कायम खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या बोटीला तो फार लाड करून घेतो. कोकणात मी सुचवत नाही.

टू स्ट्रोक घेऊ का फोर स्ट्रोक?

हौसेसाठी फोर स्ट्रोक. आवाज, धूर, तेल सगळं कमी. टू स्ट्रोक हलकं, साधं आणि गावात कुणीही खोलतं, म्हणून मच्छीमारांना परवडतं.

बॅटरीवरचं आऊटबोर्ड कोकणात चालेल?

खाडीत, हो. 1 एचपी म्हणजे साधारण 746 वॉट. 10 एचपीचं विजेचं मशीन पूर्ण जोरात चालवलं तर 5 किलोवॉट-तासांची बॅटरी चाळीस मिनिटांत संपते. तीच बॅटरी कांदळवनात पक्षी बघत हळू फिरायला कित्येक तास पुरते. उघड्या समुद्रात एकटं तेवढ्यावर जाऊ नका.

शॉर्ट शाफ्ट, लाँग शाफ्ट म्हणजे काय? चुकलं तर चालतं का?

चालत नाही. ट्रान्समची उंची मोजा, वरच्या कडेपासून तळापर्यंत. साधारण 15 इंचांना शॉर्ट, 20 ला लाँग, 25 ला एक्स्ट्रा लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. माझ्या ओळखीतल्या एकाला विक्रेत्याने 20 च्या ट्रान्समला 15 चं मशीन दिलं, ‘अ‍ॅडजस्ट होतं’ म्हणाला. वळताना प्रत्येक वेळी पंखा हवा खायचा. शेवटी ट्रान्सम कापावा लागला, आणि मागून लाट आत यायची वाट मोकळी झाली.

मशीनच्या बाबतीत सुरक्षेची एकच गोष्ट सांगायची तर?

लाल दोरी. तिचं एक टोक मशीनच्या स्विचला, दुसरं तुमच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला. तुम्ही पाण्यात पडलात की मशीन बंद. दोरी नसेल तर रिकामी बोट गोल फिरून पडलेल्या माणसावरच येते. ती हँडलला गुंडाळून ठेवणारे खूप बघितलेत. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर फोनमध्ये ठेवाच.

पावसाळ्यात काय करायचं?

मेअखेरीला बोट वर. मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते, पर्यटनाच्या बोटी तर ऑगस्टअखेरपर्यंत बंद. तुम्हीही मच्छीमार बोटी शाकारतात, म्हणजे वर ओढून झाकतात, तेव्हाच शाकारा.

आऊटबोर्ड: गोड्या पाण्याने धुवा, पेट्रोल संपवा, सिलेंडरमध्ये गंज रोखणारं फॉगिंग ऑइल मारा, गिअर ऑइल बदला, उभंच ठेवा. आडवं ठेवलंत तर उरलेलं पाणी नको तिथे उतरतं. इनबोर्ड: कूलंट तपासा, समुद्राचं पाणी आत घेणारे वॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र काढून ठेवा. मी एका वर्षी ते काढलं नाही. ऑक्टोबरात पहिल्याच फेरीला दबून राहिलेल्या त्याच्या दोन पाती तुटल्या, पाणी थांबलं, मशीन तापलं, आणि गिर्ये किनाऱ्यासमोर तीन तास नांगरावर बसलो. वायरिंगवर उंदरांची नजर असते, बोटीत खाण्याचं काही ठेवू नका.

नोंदणी लागते का?

लागते. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या तुमच्या भागातल्या बंदर कार्यालयात जा. मशीनचा नंबर आणि एचपी कागदावर चढतो, म्हणून पुढे मशीन बदललं तर तेही कळवा. पैसे घेऊन माणसं नेणार असाल तर परवान्याचा मार्गच वेगळा, हौसेच्या कागदावर ते करू नका.

जुनं आऊटबोर्ड घेताना काय बघू?

गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करा. दुधाळ तेल आलं तर सील गेलंय, आत पाणी आहे. सगळ्या सिलेंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला लावा, आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादाच बराच खाली असेल तर सोडून द्या. स्क्रूंची डोकी बघा, घासलेली असतील तर मशीन वारंवार उघडलंय. सुरू केल्यावर पिचकारी बघा.

पण सगळ्यात आधी, गेल्या-गेल्या, झाकणावर हात ठेवा. मशीन गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आत ते सुरू करून ठेवलंय, गार असताना ते सहज लागत नसणार. काही बोलू नका. चहा घ्या, आंब्याच्या गप्पा मारा, पार थंड होईपर्यंत बसा, आणि मग म्हणा, “हं, आता लावा बघू.”